आई एकटीने सायकलवरून काश्मीरला जायचे म्हणते

पत्राचा सारांश: गोव्यात पर्वरीला राहणाऱ्या एका नोकरदार वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांची आई ६२ वर्षांची असून सत्तरी तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळांमधून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आई आठवड्याचे पाच दिवस मुलीकडे राहते आणि शनिवार-रविवार डिचोलीच्या आपल्या घरी जाते. चार वर्षांपूर्वी तिने लहानपणी सुटलेली सायकल पुन्हा हाती घेतली, गेल्या हिवाळ्यात दोन मैत्रिणींबरोबर ती मालवणपर्यंत जाऊन आली, आणि आता १ डिसेंबरला कन्याकुमारीहून निघून एकटीने, साठ दिवसांत, सायकलवरून श्रीनगर गाठायचे तिने ठरवले आहे. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी मये तलावाजवळ ती सायकलवरून पडली, मनगट सुजले, आणि ही गोष्ट तिने मुलीपासून आठ दिवस लपवून ठेवली. दुबईला असलेला भाऊ म्हणतो की सायकल विकून टाका म्हणजे प्रश्नच मिटला. मुलीला वाटते की आई वडिलांच्या आठवणींपासून पळते आहे, वाड्यावरचे लोक मुलांना नावे ठेवतील, आणि शाळेतून येणाऱ्या सहा वर्षांच्या नातवाकडे बघायला दुपारी घरी दुसरे कोणीच नाही. त्या विचारतात: आईला न दुखावता कसे थांबवू?

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यातली भीती खरी आहे आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. महामार्गावर भरधाव वाहनांच्या कडेने दोन महिने सायकल चालवण्यात धोका आहे, आणि साठी ओलांडलेले शरीर पडल्यावर तरुण शरीरासारखे चटकन सावरत नाही. तरीही तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. आईला कसे थांबवायचे, याची एक-दोन साधने तुमच्याजवळ आहेतच. नातवाची शपथ घातली, डॉक्टरांना चार कठोर शब्द बोलायला सांगितले, तर त्या बहुधा थांबतीलही. पण त्यानंतर तुमच्या दोघींमध्ये काय उरेल, याचा अंदाज तुमच्या पत्रातच एका वाक्यात आलेला आहे, आणि मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

ते वाक्य म्हणजे सुजलेल्या मनगटाचे. आई बेजबाबदार आहे, स्वतःची काळजी घेत नाही, याचा पुरावा म्हणून तुम्ही ती घटना लिहिली आहे. मला ती वेगळी दिसते. चाळीस वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळलेली, संसार आणि नोकरी दोन्ही निभावलेली स्त्री दुखरे मनगट आठ दिवस पदराआड का ठेवते? खरे सांगितले तर सायकल जाईल, हे तिला ठाऊक असते म्हणून. दुखण्याची बातमी दिल्याबद्दल स्वातंत्र्य कापले जाणार असेल, तर माणूस बातमी देणे बंद करतो. घरी हे चालून जाते, कारण मैत्रिणीकडून कळते, स्वयंपाकघरात अवघडलेला हात दिसतो. उद्या त्या तेलंगणातल्या एखाद्या लॉजमध्ये असतील, छातीत दडपल्यासारखे वाटत असेल किंवा ताप चढत असेल, आणि फोनवर तुम्हाला म्हणतील, ‘सगळे छान आहे गं.’ मला या प्रवासातला हा धोका ट्रकांपेक्षाही मोठा वाटतो, आणि तो कमी करणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. म्हणून पुढे मी जे जे सुचवणार आहे, त्या सगळ्याची कसोटी एकच ठेवली आहे: यामुळे आई तुम्हाला खरे सांगण्याची शक्यता वाढते की घटते?

आता ज्या गोष्टी तुम्ही ओघात लिहून गेलात, त्यांच्याकडे जरा थांबून पाहू. नातवाचा उल्लेख पत्राच्या अगदी शेवटी, ‘शिवाय’ या शब्दाने आला आहे. मला वाटते तो शेवटचा मुद्दा नसावा. आई दोन-अडीच महिने गेल्या, तर दुपारी दीड वाजता मुलाला बसमधून उतरवून घ्यायला कोणी नाही, ही तुमच्या घरातली खरी आणि तातडीची अडचण आहे, आणि ती असण्यात लाजण्यासारखे काहीच नाही. मात्र ही अडचण आईच्या सुरक्षिततेच्या काळजीत मिसळून मांडली, की दोन्हींचा गुंता होतो. आईला तुमच्या प्रत्येक काळजीमागे पाळणाघर ऐकू येऊ लागते. तुम्ही सरळ म्हणा, ‘तू गेल्यावर मला दुपारची सोय करावी लागेल, त्यासाठी मला वेळ हवा आहे.’ निघण्याची तारीख ठरवताना हे कारण पूर्णपणे विचारात घेण्याजोगे आहे. शाळेजवळचे पाळणाघर, शेजारची मावशी, तुमच्या यजमानांनी काही दिवस लवकर घरी येणे, यातून काहीतरी जमेल. आणि यजमानांचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाही का आला नाही, हेही जाता जाता विचारावेसे वाटते.

दुसरे, आई वडिलांच्या आठवणींपासून पळत आहेत, हे तुम्ही ठामपणे लिहिले आहे, पण त्यांना तसे विचारल्याचे कुठे लिहिलेले नाही. असेलही तसे. परंतु सायकल त्यांनी चार वर्षांपूर्वी पुन्हा हाती घेतली, म्हणजे तेव्हा तुमचे वडील होते. कदाचित वडिलांनीच कधी हवा भरून दिली असेल, कधी ‘कुठवर जाऊन आलीस?’ असे विचारले असेल. ज्या घरात जोडीदाराची खुर्ची रिकामी आहे तिथून थोडे दिवस दूर जावेसे वाटणे आणि एक जुनी इच्छा पुरी करावीशी वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. एवढे मात्र पाहा: त्या जेवतात ना, झोपतात ना, परत आल्यानंतरच्या गोष्टी बोलतात ना? पावसाळ्यापूर्वी परसात काय लावायचे, नातवाच्या वाढदिवसाला काय करायचे, असे बोलणे कानावर येत असेल, तर माणूस परत यायच्या तयारीनेच निघालेला असतो. ते नसेल, खाणे-झोपणे बिघडलेले असेल, तर सायकलचा विषय बाजूला ठेवून आधी समुपदेशकाची भेट घ्या.

तिसरी गोष्ट वाड्याची. माझी आत्या साठी उलटल्यावर सत्तरी तालुक्यातून दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेली होती. घाट चढून, पावसात भिजत, शाळेच्या पडवीत झोपत ती गेली, आणि वाड्यावरच्या लोकांनी परतल्यावर तिच्या पाया पडून घेतले. तिच्या मुलांना कोणी बोल लावला नाही. तेव्हा वयस्क बाईने घर सोडून शेकडो किलोमीटर जाणे आपल्या समाजाला नवे नाही. बाई देवाच्या नावाने निघाली की आपण तिची पिशवी भरून देतो, स्वतःच्या नावाने निघाली की चौकशी करतो. लोक थोडे दिवस बोलतील, पहिला फोटो आला की तेच लोक तुम्हाला ‘आज कुठे पोचल्या?’ म्हणून विचारतील.

पण आत्याची आठवण मी दुसऱ्याच कारणाने काढली. दिंडीत माणूस एकटा नसतो. सामान वाहनातून जाते, मुक्कामाची गावे वर्षानुवर्षांची ठरलेली असतात, कोणत्या मुक्कामी कोणाकडे भात आहे हे माहीत असते, आणि ज्याचे पाय सुजले त्याला टेम्पोत बसवताना कोणी कमी लेखत नाही. आषाढीची वाट साठीच्या बायकांना झेपते ती या व्यवस्थेमुळे. तुमच्या आईंच्या बेतात उमेद आहे, नकाशा आहे, ही व्यवस्था अजून नाही. तुमचा वाटा इथे आहे.

सर्वांत आधी तारीख. १ डिसेंबरला कन्याकुमारीहून निघणे मला अजिबात पसंत नाही, आणि हे आईंना सांगायला तुम्हाला भीतीचा आधार घ्यावा लागणार नाही, पंचांग आणि हवामान पुरेसे आहे. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरपर्यंत असतो. त्या तारखेला निघून साठ दिवसांत जायचे म्हटले तर त्या जानेवारीच्या उत्तरार्धात दिल्ली, हरयाणा, पंजाबच्या पट्ट्यात असतील, आणि तो काळ तिथल्या दाट धुक्याचा. धुक्यात महामार्गावर मोटारचालकाला पुढचा ट्रक दिसत नाही, तिथे सायकल काय दिसणार? त्यापुढे बनिहालकडचा डोंगराळ भाग ऐन बर्फाच्या दिवसांत यायचा. आता दिवसांचा हिशेब पाहा. राष्ट्रीय महामार्ग ४४ हा श्रीनगर ते कन्याकुमारी असा सुमारे पावणेचार हजार किलोमीटरचा आहे. साठ दिवसांत तो संपवायचा तर एकही सुट्टी न घेता रोज बासष्ट-त्रेसष्ट किलोमीटर झाले पाहिजेत. आठवड्याला एक पूर्ण विश्रांतीचा दिवस धरला, पंक्चर, पाऊस, पोट बिघडणे यांसाठी थोडी सवड ठेवली, तर पंचाहत्तर दिवस लागतात. म्हणून मकरसंक्रांत घरी करून, तीळगूळ वाटून, जानेवारीच्या मध्याला कन्याकुमारीहून निघावे. दक्षिणेत तोवर पाऊस सरलेला असतो, तेलंगण आणि विदर्भ कडक उन्हाळ्याआधी मागे पडतो, पंजाबात मार्चमध्ये पोचेपर्यंत धुके गेलेले असते, आणि काश्मीर मार्चअखेरीस, ट्युलिप फुलायच्या सुमाराला येते. तुम्हालाही दुपारच्या सोयीसाठी दीड महिना अधिक मिळतो.

आता शरीराबद्दल. ‘डॉक्टरांना दाखव’ एवढे सांगून भागत नाही, काय दाखवायचे ते ठरवून जा, आणि तपासणीच्या खोलीत आईंना स्वतःला बोलू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात. काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात. उन्हात सहा तास घाम गाळताना त्यांचा परिणाम वेगळा होऊ शकतो. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात ठोके कमी दिसले म्हणून श्रम कमी झाले असे समजता येत नाही. कोणती गोळी आहे, प्रवासात मात्रा बदलायची का, क्षारसंजीवनी (ओआरएस) किती घ्यावी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण रक्तदाब असणाऱ्याने मीठ-पाणी मनाने पीत राहणे बरे नाही. ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताण चाचणी यांबद्दल विचारा. त्याचबरोबर हाडांची घनता मोजून घ्या. याचा विचार फार कमी घरांत होतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याची शक्यता वाढते, आणि सायकल चालवण्याने हृदय व स्नायू सुधारले तरी पायी चालण्याने हाडांवर जसा भार पडतो तसा सायकलवर पडत नाही. गेल्या वर्षी मनगट नुसते सुजले, मोडले नाही, यावर विसंबून राहू नका. डॉक्टरांनी जर ‘सध्या नको’ म्हटले, तर ते आईंनी मानावे, आणि ‘चालेल’ म्हटले तर ते तुम्ही मानावे, असे दोघींनी दवाखान्यात जाण्यापूर्वीच एकमेकींना सांगून टाका.

आणखी एक गोष्ट आहे, जी मुलगे आपल्या वडिलांबाबत कधी विचारात घेत नाहीत, पण मुलीने आईशी बोलायलाच हवी. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने बायका पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, उन्हाचा त्रास बळावतो, डोके दुखू लागते, आणि मग कारण दुसरेच शोधले जाते. महामार्गावरचे पेट्रोल पंप, मोठी उपाहारगृहे आणि टोलनाके यांच्या अंतरावर रोजचे थांबे आखता येतात. पंचवीस-तीस किलोमीटरला एक थांबा नकाशावर आदल्या रात्री खुणावून ठेवला, तर त्या निःशंकपणे पाणी पितील. हे काम तुम्ही पर्वरीत बसून रोज रात्री दहा मिनिटांत करून देऊ शकता, आणि मला वाटते, ते नुसती काळजी करत बसण्यापेक्षा तुम्हाला स्वतःलाही सोपे जाईल.

यानंतर रंगीत तालीम. मालवणला त्या मैत्रिणींबरोबर गेल्या होत्या. एकटीने, पूर्ण सामान लादून, लागोपाठ पाच दिवस, अशी परीक्षा अजून झालेली नाही. त्यासाठी आपल्याकडे देशातला कदाचित सर्वांत सोयीचा रस्ता आहे. मडगावहून दक्षिणेला राष्ट्रीय महामार्ग ६६ कारवार, अंकोला, कुमटा, भटकळ, कुंदापूर, उडुपी असा मंगळूरकडे जातो, आणि कोकण रेल्वे जवळजवळ त्याच्या सोबतीने धावते. त्यामुळे कुठल्याही दिवशी नको झाले तर जवळचे स्थानक गाठून परत येता येते. अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर, पाच-सहा दिवसांचे काम. पाऊस ओसरला की नोव्हेंबरात निघावे. पहिल्याच दिवशी बाळ्ळी ओलांडल्यावर करमलघाट लागेल. दाट झाडी, अरुंद वळणे आणि अवजड वाहने असलेला तो टप्पा सकाळी लवकर, अंगात चकाकणारे जाकीट घालून आणि मागचा लुकलुकणारा दिवा दिवसाही चालू ठेवून पार करावा, आणि समोरून-मागून दोन मोठी वाहने एकदम आली तर अभिमान न धरता खाली उतरून कडेला उभे राहावे. हे खाली उतरणे ज्याला जमते त्याला महामार्ग जमतो, असे लांब पल्ल्याचे सायकलस्वार मला नेहमी सांगतात.

तालमीपूर्वी आईंना घराच्या अंगणात तुमच्यासमोर मागचे चाक काढून ट्यूब बदलायला सांगा. तुटलेली चेन जोडणे, ब्रेक घट्ट करणे, हेही. परीक्षा घेण्याच्या सुरात नको, शेजारी बसून स्वतः शिकण्यासाठी. सामानाचे वजन करा. पाणी सोडून बारा किलोंच्या वर गेले की चढावर गुडघ्यांना ते कळते, आणि पहिल्या तालमीनंतर निम्मे कपडे घरी राहतात असा सगळ्यांचाच अनुभव आहे. सायकलला चढासाठी पुरेसे हलके गिअर हवेत, टायर अगदी बारीक नकोत, आणि हँडलला आरसा हवाच. तळहात किंवा बोटे बधिर होत असतील तर हँडलची उंची आणि सीट बदलून घ्यावी लागते. तशीच रेटली तर नसेला इजा होते. याच्याशी आईंच्या जुन्या मनगटाचाही संबंध आहे, तेव्हा हे तालमीतच कळलेले बरे.

एकटे जायचे की कोणाबरोबर, यावर तुम्ही दोघी अडून बसला आहात. मला मधला मार्ग बरा वाटतो. आयोजकांनी नेलेल्या मोठ्या मोहिमांत मागे गाडी असते, मेकॅनिक असतो, हे खरे. पण रोजचे अंतर आणि वेग सगळ्यांसाठी एकच ठरलेला असतो, आणि तरुणांच्या गटामागे धापा टाकत जाण्यात साठीच्या माणसाला दुखापतीचा धोका अधिक. तुमच्या भावाने गाडी आणि चालक देण्याची तयारी दाखवली तर ती पंचाहत्तर दिवस मागे-मागे हिंडवण्यात पैशांचा आणि आईंच्या मनाचा दोन्हींचा अपव्यय आहे. त्यापेक्षा मालवणच्या दोन मैत्रिणींपैकी कोणी पहिले दहा-बारा दिवस येते का ते पाहा. तमिळनाडूत भाषा अनोळखी, शरीर अजून रुळलेले नाही, तिथे सोबतीचा उपयोग सर्वांत जास्त. पुढे पांढरकवडा, हिंगणघाटपासून नागपूरपर्यंत मराठी कानावर पडेल, तिथे त्या एकट्या असल्या तरी परक्या नसतील. नागपूर ते शिवनी या टप्प्यात मात्र रस्ता पेंचच्या जंगलातून जातो, जिथे वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून महामार्ग उंच खांबांवर उचलला आहे. तो भाग भर उजेडात पार होईल असा मुक्काम आखावा. बंगळूर, हैदराबाद आणि विशेषतः दिल्लीच्या परिसरात सायकल टेम्पोत किंवा रेल्वेत घालून पुढे जाणे शहाणपणाचे. रामबन-बनिहालकडे दरडींमुळे रस्ता बंद होतो, चेनानी-नाशरीचा बोगदा नऊ किलोमीटरहून लांब आहे. तिथे सायकलवर जाण्याचा हट्ट न धरता जम्मूला चौकशी करून वाहनाने जावे. चाकाची रेघ अखंड राहिली पाहिजे असा नियम कोणी घातलेला नाही, आणि आईंच्या मनात तो असेल तर तुम्हीच प्रेमाने पुसून टाका.

थांबण्याबद्दल दोघींनी आधीच बोलून ठेवा. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. १९२८ साली ती पुरी करून परतले ते तिघे. बाकीचे तिघे वाटेत निरनिराळ्या ठिकाणी वेगळे झाले. शंभर वर्षांनी आपण त्या सहाही जणांविषयी आदराने बोलतो. आईंना तुम्ही एक वाक्य निघण्यापूर्वी, शक्यतो भावालाही फोनवर घेऊन, सांगा: ‘तू मदुराईहून परत आलीस तरी मी तुला घ्यायला येईन, आणि मी तुला सांगितलेच होते असे घरात कोणीही म्हणणार नाही.’ आणि ते पाळा. भावाकडून ते वाक्य वदवून घेणे अवघड जाईल असे पत्रावरून दिसते, पण त्याच्याशी हे भांडण तुम्हालाच करावे लागेल, आईंना करायला लावू नका. अर्ध्याच्या जरा अलीकडे नागपूर येते. त्या सुमारास चार दिवसांची रजा काढून मुलाला घेऊन तुम्ही तिथे जा, दोन दिवस एकत्र राहा, शून्य मैलाचा दगड पाहा, रक्तदाब मोजून घ्या, आणि पुढे जायचे की परतायचे हे आईंना तिथे मोकळेपणाने ठरवू द्या. समोर बसलेल्या माणसापासून सुजलेले मनगट लपवता येत नाही, हेही त्यात आलेच.

रोजच्या संपर्काचा नियम साधा आणि लेखी असू द्या. सकाळी निघताना एक संदेश, मुक्कामी पोचल्यावर लॉजचे नाव आणि तिथला फोन नंबर. सूर्योदयापूर्वी आणि अंधार पडल्यावर चाक फिरवायचे नाही, दुपारी चारपर्यंत मुक्काम गाठायचा. संध्याकाळी सातपर्यंत संदेश आला नाही तर तुम्ही फोन करायचा, नऊपर्यंत काहीच कळले नाही तर आदल्या लॉजला आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे. राष्ट्रीय महामार्गावरची मदत १०३३ वर मिळते. हे दोन्ही क्रमांक, रक्तगट, औषधांची नावे आणि तुमचा नंबर मराठीत नव्हे तर हिंदी-इंग्रजीत लिहून, प्लास्टिकमध्ये बंद करून सायकलला आणि हेल्मेटच्या आत लावावेत. अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, तरी लोक अजून घाबरतात. नातेवाइकांचा नंबर लगेच सापडला की मदतीचा हात लवकर पुढे येतो. विमा कंपनीला सायकल प्रवासाबद्दल लेखी विचारून घ्या. आणि ताई, फोनवर आईंचा सरकता ठिपका दिवसभर पाहत बसू नका. ठिपका झाडाखाली चहासाठी थांबला तरी तुमचा जीव खालीवर होईल, तुम्ही फोन कराल, त्या चालत्या सायकलवर तो उचलतील. संध्याकाळी बोला, आणि ‘बरी आहेस ना?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘आज सर्वांत जास्त कुठे दुखले?’ असे विचारा. उत्तर आल्यावर उपदेश करू नका, ऐकून घ्या, तर उद्याही उत्तर मिळेल.

या रविवारी डिचोलीला जा, आणि पत्रात लिहिलेले काहीही न बोलता आईंना नकाशा पसरून त्यांचा बेत पहिल्या दिवसापासून सांगायला सांगा. आजवर तो त्यांनी कोणालाच पूर्ण सांगितलेला नसावा, कारण दुसऱ्या वाक्याला कोणीतरी ‘पण’ म्हटले असणार. तुमच्या हातात फक्त पेन्सिल असू द्या. नोव्हेंबरची तालीम ठरली, तर परतीच्या दिवशी मडगाव स्थानकावर मुलालाही बरोबर न्या. सायकल मालडब्यातून उतरवून घेऊन, पार्सल कार्यालयात पावती दाखवून बाहेर यायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो आजीला विचारायचे ते सगळे विचारून घेईल.